ऑइल इज वेल!

नव्या गाडीच्या रंगावर महिनाभर चर्चा होते, सीट कव्हरवर आठवडाभर. आणि इंजिन ऑइलवर? सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जेमतेम तीस सेकंद! ‘मॅडम, सिंथेटिक टाकू की साधं?’ या एका प्रश्नानं मला वर्षभर पिडलं, त्याची ही गोष्ट.

२०२४ च्या दसऱ्याला माझी पहिली गाडी आली. छोटीशी पेट्रोल हॅचबॅक, रंग लाल. कर्ज माझं, ईएमआय माझा, नंबरचा हट्टही माझाच. पेणला घरासमोर गाडी उभी केली. आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि बाबा घरातून एक पिशवी घेऊन आले. मला वाटलं, म्युझिक सिस्टिम असणार. गेला बाजार एखादं परफ्युम तरी! पिशवीतून निघाला इंजिन ऑइलचा कॅन. २०डब्ल्यू-५०. त्यालाही आईनं हळदकुंकू लावलं.

‘‘बाय, हजार किलोमीटर झाले की कंपनीचं ऑइल काढून टाक आणि हे भर. कंपनीचं पाण्यासारखं असतं.’’

बाबा म्हणजे एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर. तीस वर्षं कोकणातल्या घाटांतून लाल डबा चालवलेला माणूस. त्यांना ऑइलबद्दल शिकवायचं म्हणजे सचिनला स्ट्रेट ड्राइव्ह शिकवण्यासारखं! मी गुपचूप कॅन डिकीत ठेवला.

आता थोडं माझ्या रूटबद्दल. धाटाव हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण वीकेण्डला कोलाडला राफ्टिंगला येता ना? कोलाडहून रोह्याकडे निघालं की रोह्याच्या अलीकडे केमिकल कंपन्यांच्या चिमण्या दिसायला लागतात. तीच आमची धाटावची एमआयडीसी. कुंडलिका नदी, शिफ्टचे भोंगे आणि वारा फिरला की फिरणारा वास. तिथल्या एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. आठवडाभर मुक्काम रोह्याला, भाड्याच्या खोलीत. रोहा ते धाटाव चार-पाच किलोमीटर. म्हणजे सकाळी गाडी सुरू केली की दोन गाणी संपेपर्यंत कंपनीचं गेट, संध्याकाळी त्याच दोन गाण्यांत घर. शनिवारी मात्र भिसे खिंडीतून नागोठणे, वडखळ करत चाळीसेक किलोमीटरवर पेण.

ही चार-पाच किलोमीटर लक्षात ठेवा. सगळी भानगड तिथेच आहे.

‘बरोबर कोणी जेन्ट्स आहेत का?’

महिन्याभरात पहिली फ्री सर्व्हिस आली. काउंटरवरच्या ॲडव्हायझरनं आधी माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं. ‘‘मॅडम, बरोबर कोणी जेन्ट्स आहेत का?’’

‘‘गाडी माझी आहे. माझ्याशीच बोला.’’

मग बोलला. आत्ता ऑइल बदलायचं नाही, पण वर्षाच्या सर्व्हिसला ‘फुल्ली सिंथेटिक’ टाका, गाडी लोण्यासारखी पळेल. बजेट नसेल तर सेमी-सिंथेटिक. तेही जड जात असेल तर साधं मिनरलही चालतं. ‘‘कस्टमरची चॉइस!’’

म्हणजे पिझ्झाची साइज निवडायची तसं. स्मॉल, मीडियम, लार्ज. माझी सटकलीच थोडी. ऑफिसच्या लंच टेबलावर विषय काढला, तर तिथे सगळेच एक्स्पर्ट! एक म्हणाला, नव्या इंजिनाला सिंथेटिक घातलं की ते ‘सेट’ होत नाही. दुसरा म्हणाला, सिंथेटिक घाल आणि वीस हजार किलोमीटर विसरून जा. तिसरीचं म्हणणं, एकदा सिंथेटिकवर गेलं की परत साध्यावर येता येत नाही. हे ऑइल आहे की व्यसन, तेच कळेना.

पहिल्याचं ऐकून घाबरू नका. इंजिन ‘सेट’ होण्याची भीती पद्मिनीच्या जमान्यातली आहे. तेव्हा मशिनिंगचा बारीक कीस इंजिनात राहायचा, पहिलं ऑइल लवकर काढून टाकणं शहाणपणाचं होतं. बाबांचा हजार किलोमीटरचा हिशेब तिथूनच आलेला. आज कित्येक गाड्या फॅक्टरीतूनच सिंथेटिक भरून येतात. अमेरिकेतल्या कॉर्व्हेटमध्ये तर १९९२ पासून तसंच येतंय. तिसरीचंही चूक. आजची इंजिन ऑइल एकमेकांत मिसळतात. मिसळून फायदा होईलच असं नाही, पण इंजिन बंद पडत नाही. दुसऱ्याकडे नंतर येते, कारण त्याच्या सल्ल्यानं मी जवळजवळ बुडाले होते.

शेवटी जे आधीच करायचं ते केलं. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं ओनर्स मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलं. (तुमचं काढलंय का? खरं सांगा.) त्यात ऑइलचं पान अर्धंच होतं. ग्रेड ०डब्ल्यू-२०. एपीआयचं अमुक स्पेसिफिकेशन. बदलायचं १०,००० किलोमीटर किंवा १२ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा. ‘सिंथेटिक’ हा शब्द अख्ख्या पानावर कुठेही नव्हता!

यूट्यूब नाही, यू-ट्यूब!

०डब्ल्यू-२० आणि २०डब्ल्यू-५०. दोन्हींत डब्ल्यू आहे, वीसही आहे, तर फरक काय? डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा इंजिन थंड असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. १०० अंश सेल्सियसला ‘२०’ ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक्सच्या आत असावा लागतो आणि ‘५०’ ग्रेडचा १६.३ ते २१.९ च्या आत. म्हणजे गरम असतानाही बाबांचं ऑइल दुपटीहून दाट.

बाबांचा मुद्दा वेगळाच होता. ‘‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? विंटर आपल्याला काय करायचाय?’’

बिनतोड वाटतं ना? मलाही वाटलं. पण मी केमिस्ट आहे यार, करून बघायला काय हरकत! आमच्या लॅब इन्चार्ज सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘लंच टाइममध्ये कर आणि ग्लासवेअर स्वतः धू.’’ आमच्याकडे काचेचा यू-ट्यूब व्हिस्कोमीटर आहे. यू आकाराची नळी ४० अंशांच्या पाण्यात उभी धरायची, ऑइल एका खुणेपर्यंत ओढायचं आणि दुसऱ्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं. कॉलेजात हा प्रयोग किती कंटाळत केला होता! बाजारातून ०डब्ल्यू-२० ची छोटी बाटली आणली होती, ती साडेतीन मिनिटांत उतरली. मग डिकीतला बाबांचा कॅन फोडला. तीन मिनिटं... सहा मिनिटं... डबा उघडून अर्धी पोळी खाऊन झाली... साडेबारा मिनिटं! साडेतीन पटीहून जास्त.

मुद्दा बर्फाचा नाहीच मुळी. चालत्या इंजिनातलं ऑइल नव्वद-शंभर अंशांच्या आसपास तापतं. त्याच्या हिशेबात रोह्याची २८ अंशांची सकाळ म्हणजे कडाक्याची थंडीच. चावी फिरवली की पहिले काही सेकंद वरच्या भागांपर्यंत ऑइल पोचायचं असतं आणि झीज जास्त होते ती याच सेकंदांत. शिवाय आजच्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा आणि फटी पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. तिथे दाट ऑइल घातलं तर इंजिन लगेच मोडणार नाही, पण ते ढकलण्यात पेट्रोल जाईल, आणि वॉरंटीच्या वेळी कंपनी मॅन्युअलचं तेच अर्धं पान पुढे करेल.

एसटीच्या त्या जुन्या डिझेल इंजिनांसाठी बाबा बरोबरच होते. त्या काळी वर्कशॉपमध्ये ‘चाळीस नंबर’ म्हणत, म्हणजे सिंगल ग्रेड. मोठ्या फटी, जड लोखंड, दाट ऑइल. इंजिन बदललं, नंबर बदलला.

मग ‘सिंथेटिक’ म्हणजे नक्की काय?

इथे मला खरी गंमत कळली.

इंजिन ऑइलच्या डब्यात बहुतांश बेस ऑइल असतं आणि बाकी ॲडिटिव्ह्ज. काजळी धरून ठेवणारी, झीज रोखणारी, आम्ल मारणारी रसायनं. एपीआय या अमेरिकन संस्थेनं बेस ऑइलचे पाच गट केलेत. गट १ म्हणजे जुन्या पद्धतीनं शुद्ध केलेलं खनिज तेल. गट २ मध्ये हायड्रोजनच्या मदतीनं जास्त शुद्ध केलेलं. गट ३ ला तीच प्रक्रिया इतकी कडक की रेणूंची रचनाच बदलते. गट ४ म्हणजे पीएओ, लहान रेणू जोडून कारखान्यात ‘बनवलेलं’ तेल, आणि गट ५ मध्ये एस्टर वगैरे उरलेले सगळे.

पूर्वी ‘सिंथेटिक’ म्हटलं की लोक गट ४ आणि ५ धरायचे. गट ३ क्रूडपासूनच येतं, मग त्याला सिंथेटिक कसं म्हणायचं? यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलमध्ये जुंपली. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात नियमन विभागानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला, आणि गट ३ च्या डब्यावरही बिनधास्त ‘सिंथेटिक’ लिहायची वाट मोकळी झाली. ‘सेमी-सिंथेटिक’ची तर आणखी मजा. त्यात सिंथेटिक किती टक्के हवं याचा पक्का आकडाच नाही!

मग हा सगळा मार्केटिंगचा खेळ? तसंही नाही हं. गट ३ चं तेलसुद्धा भारी असतं. त्याचे रेणू एकसारखे, त्यामुळे तापमान बदललं तरी दाटपणा फार बदलत नाही, आणि उष्णतेत ते लवकर खराब होत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये दोन्ही प्रकार तपासले, तेव्हा सिंथेटिक सरासरी ४७ टक्के सरस ठरलं. फक्त डब्यावरच्या त्या एका शब्दावरून आत कुठला गट आहे ते कळत नाही. कळतं ते ग्रेडवरून आणि स्पेसिफिकेशनवरून.

आणि हे सगळं काही परदेशात घडत नाही बरं का! मुंबईत माहुलच्या दोन्ही सरकारी तेल कंपन्यांच्या रिफायनऱ्यांत बेस ऑइल बनतं. कॅस्ट्रॉलचा एक प्लांट आमच्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. मुंबई-पुण्याला जाताना तुम्ही त्याच्या जवळून जाता.

आता माझ्या मॅन्युअलकडे परत या. ०डब्ल्यू-२० हे ग्रेड साध्या गट १ च्या तेलातून बनवणं जवळजवळ अशक्य आहे. थंडीत इतकं पातळ आणि गरम झाल्यावर पुरेसं दाट, हे त्याला जमतच नाही. म्हणजे ज्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरनं ०डब्ल्यू-२० लिहिलं, त्याच दिवशी ‘सिंथेटिक की साधं’ हा प्रश्न निकालात निघाला. काउंटरवर ‘कस्टमरची चॉइस’ उरलीच नव्हती!

(तुमच्याकडे दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल आणि मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० लिहिलं असेल, तर साधं ऑइल वेळेवर बदला आणि मजेत राहा. टर्बो पेट्रोलवाल्यांनी २०२० मध्ये आलेलं ‘एपीआय एसपी’ किंवा २०२५ चं ‘एसक्यू’ बघून घ्यावं, कारण टर्बो इंजिनातल्या अवेळी पेट घेण्याच्या त्रासावर त्यात खास काम झालंय. आणि डीपीएफवाल्या बीएस-६ डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. तिथे चुकीचा डबा खरंच महागात पडतो.)

बाबांना फोनवर साडेबारा मिनिटांची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बरं. तुझी गाडी.’’ बाबांचं ‘बरं’ म्हणजे काय ते ज्यांचे वडील असेच आहेत त्यांना कळेल.

झाकणाखालची कॉफी

२०२५ चा पाऊस लवकरच आला. मुंबईत तर २६ मेलाच, आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर. मुंबई-गोवा महामार्गाचं आमच्याकडचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्या पावसातल्या खड्ड्यांत नवी गाडी घालायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून शनिवारी गाडी रोह्यालाच ठेवायची आणि दिव्याची मेमू पकडून पेणला जायचं असं सुरू केलं. गाडी फक्त रोहा-धाटाव, धाटाव-रोहा. म्हटलं, वा, जपून वापरतेय!

ऑगस्टमध्ये एका सकाळी काचेच्या फवाऱ्यात पाणी भरायला बॉनेट उघडलं. सहज ऑइलचं झाकणही फिरवलं, आणि पोटात गोळा आला. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा फेस! अगदी कोल्ड कॉफीवरचा असतो तसा.

कामावर जाताना वाटेतल्या एका गॅरेजवर थांबले. त्यानं झाकण बघितलं, जीभ चावली. ‘‘मॅडम, हेड गॅस्केट गेलं. कूलंट ऑइलमध्ये मिक्स होतंय. इंजिन खोलावं लागेल. वीस-बावीस हजार धरून चाला.’’ वर सल्ला, ‘‘तुमचं ऑइल फार पातळ आहे, म्हणूनच असं झालं.’’

दहा महिन्यांची गाडी. चार हप्ते जाऊन खात्यात उरलेले एकोणीस हजार. बाहेर इंजिन खोललं तर वॉरंटी गेली, आणि नाही खोललं तर? आणि खरंच माझ्या हुशारीच्या ०डब्ल्यू-२० नंच हे झालं असेल तर? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. पण पैशाच्या बाबतीत त्या गावाचं पाणी मला काही लागलेलं नाही. गाडीत बसून बाबांना फोन लावला आणि सरळ रडायलाच लागले.

‘‘आधी नाक पूस,’’ बाबा म्हणाले. ‘‘मग गेज काढ. पुसून परत घाल आणि परत काढ. कसं दिसतंय ऑइल?’’

‘‘मधासारखं. थोडं काळपट.’’

‘‘दुधाळ नाही ना? कूलंटची बाटली बघ. दोन रेघांच्या मध्ये आहे?’’

होतं. गेल्या महिन्यात होतं तिथेच.

‘‘काटा वर जातो का? मागून पांढरा धूर? नाही ना? मग काही झालेलं नाही. गाडीला घाम आलाय.’’

‘‘घाम?’’

‘‘पावसात डेपोत नुसत्या शंटिंगला वापरलेल्या गाडीला असंच व्हायचं. धाटावच्या पुढं कधी नेलीस तिला शेवटची?’’

मेमध्ये.

रविवारी बाबा मेमूनं रोह्याला आले, हातात जुन्या बनियनचं फडकं. स्टेअरिंग मला दिलं आणि म्हणाले, चल पेणला. खड्डे चुकवत, भिसे खिंड चढत, मध्ये नागोठण्याला चहा घेऊन गेलो आणि परत आलो. अंगणात बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं. फेस जवळजवळ गायब! बाबांनी गेज काढून नाकाशी धरलं.

‘‘घाम गेला. पण पेट्रोलचा वास येतोय बघ. हे ऑइल आता संपलं.’’

‘‘बाबा, सिंथेटिक आहे ते. आणि गाडी फक्त चार हजार शंभर किलोमीटर चाललीय!’’

‘‘असू दे ना. दोनशे वेळा चालू झालीय आणि एकदा पण तापली नाहीय.’’

तीस वर्षांच्या एसटीनं माझी एमएस्सी अशी दोन वाक्यांत खिशात घातली. रात्री बसून केमिस्ट्री मांडली. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! बहुतेक सायलेन्सरमधून वाफेनं जातं, पण थोडं पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही. इंजिन नीट तापलं की दोन्ही उडून जातात. पण ऑइल कूलंटपेक्षा हळू तापतं. डॅशबोर्डवरचा थंड इंजिनाचा निळा दिवा विझला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. माझा दिवा एमआयडीसीच्या तोंडाशी विझायचा, आणि दोन मिनिटांत मी इंजिन बंद करायचे. वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे झाकणाला जाऊन थिजायची. रोज दोनदा, तीन महिने. पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये साचत गेलं की आम्ल तयार होतं, आणि ते मारण्यात ॲडिटिव्ह्ज खर्ची पडतात. बेस ऑइल कितीही उंची असो, गट ३ असो की ४, ॲडिटिव्ह्ज संपली की संपली.

मॅन्युअल परत काढलं. त्या अर्ध्या पानाखाली बारीक अक्षरात एक चौकट होती, जी मी पहिल्यांदा वाचलीच नव्हती. ‘खडतर वापर’. मला वाटलेलं, खडतर म्हणजे लडाख-बिडाख असेल! तर यादीत होतं: धूळ, सतत थांबत-थांबत ड्रायव्हिंग आणि वारंवार छोटे प्रवास. अशा वापरात ऑइल बदलायचं अंतर निम्म्यावर.

आता तुमचं बघा. घर ते मेट्रो स्टेशन, दीड किलोमीटर. घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. हिंजवडीच्या सिग्नलला पाऊण तास. संध्याकाळी जिम, ती पण गाडीनं! वर्षाला पाच हजार किलोमीटर, आणि आपण म्हणतो, ‘गाडी फार वापरत नाही, ऑइल कशाला बदलायचं?’ लंच टेबलावरच्या त्या दुसऱ्या एक्स्पर्टचं ऐकून मीही हेच ठरवलं होतं. सिंथेटिक आहे, वीस हजारांपर्यंत बघायचंच नाही. माझ्या स्पीडनं वीस हजार व्हायला चार वर्षं लागली असती.

बिल

सप्टेंबरमध्ये, वर्ष व्हायच्या आधीच, ऑइल बदलायला गेले. काउंटरवर तोच ॲडव्हायझर. ‘‘मॅडम, पाच हजारही नाही झाले. सिंथेटिक दोन वर्षं आरामात जातं. त्यापेक्षा इंजिन फ्लश करून घ्या, ऑफर आहे.’’

या वेळी मी कागद घेऊन गेले होते. ०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी. सीलबंद डबा माझ्यासमोर उघडायचा, भरल्याची तारीख बघून. फिल्टर नवा. फ्लश नको. रिकामा डबा मला परत हवा. (घरी आणून त्याला भोक पाडलं. असे डबे भलतंच भरून परत बाजारात येतात.) काढलेलं ऑइल ड्रममध्ये गेलं की गटारात, तेही उभं राहून बघितलं. कुंडलिकेच्या काठावर काम करणाऱ्या केमिस्टला ती खोड लागतेच. आणि वापरलेलं ऑइल हा कायद्यानं घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर तो गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी ऑइल कंपन्यांवरही आलीय.

माझ्या बिलात ऑइलचे झाले सत्तावीसशे. बाबांच्या कॅनइतकं साधं ऑइल तेराशेत आलं असतं. फरक चौदाशे, म्हणजे दिवसाला चार रुपयेही नाहीत. पावसाळ्यानंतर आणखी एकदा बदललं तरी वर्षाचा खर्च त्या गॅरेजवाल्याच्या ‘वीस-बावीस हजारां’च्या पाव हिश्श्यात बसतो.

त्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मी गाडी जवळजवळ एक वर्ष आधी घेतली होती! इंजिन ऑइलवर मात्र तेव्हाही १८ होता, आताही १८ आहे. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता पावसाळा असो की नसो, दर शनिवारी गाडी भिसे खिंड चढते. खड्डे अजून आहेत. पेणला पोचलं की बाबा न सांगता बॉनेट उघडतात, फडक्यानं गेज पुसतात, बोटांत ऑइल चोळतात आणि दर वेळी एकच बोलतात, ‘‘पाण्यासारखंच आहे गं हे.’’

त्यांचा २०डब्ल्यू-५० चा कॅन? प्रयोगात संपलं ते पाव लिटर. डब्यावर डिझेलचंही स्पेसिफिकेशन होतं, म्हणून बाकीचं गल्लीतल्या मिनिडोरवाल्या काकांनी नेलं. त्यांच्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलंय का म्हणून मी विचारलं, तर काका म्हणाले, ‘‘मॅन्युअल? ती गाडी मी घेतली तेव्हाच तिसऱ्या हाताची होती.’’